नवखंडातली रिकामी गावं

'नवखंड'च्या पहिल्या भागात जेमतेम डझनभर गावं होती, आणि त्या गावांतलं प्रत्येक झाड पद्मजा मगदूमने स्वतःच्या हाताने लावलेलं होतं. हाताने म्हणजे अर्थात माउसने. पण ती तसं कधी म्हणायची नाही. तेव्हा ती पंचविशीत होती. सांगलीत हळदीच्या एका जुन्या गोदामाच्या माडीवर तिने आणि तिचा कॉलेजातला मित्र इम्तियाज मुजावर याने चार टेबलं टाकली होती. खाली पोत्यांची चढउतार चालायची आणि वर हे दोघं एक देश घडवत बसायचे.

'नवखंड' हा भूमिका वठवायचा संगणक-खेळ होता. खेळणाऱ्याने एक पात्र निवडायचं, वैदू, धनगर, नाहीतर लढाईतून पळून आलेला शिपाई, आणि त्याच्या पायांनी तो देश पालथा घालायचा. देश छोटा होता, पण नेमका होता. काळदरा नावाची एक दलदल होती. तिथल्या सुसरीपुढे नवख्याचा निभाव लागायचा नाही. लोक मरायचे, शिव्या घालायचे, वळसा घालून जायचे, आणि अंगात बळ आलं की मुद्दाम परत येऊन त्या सुसरीला गाठायचे. दलदलीपलीकडच्या विहिरीत नक्की काय आहे, यावरून कराडचा एक विद्यार्थी आणि लातूरची एक नर्स इंटरनेटवर कितीतरी दिवस भांडले आणि पुढे त्यांनी लग्न केलं. पद्मजा आणि इम्तियाज त्या लग्नाला जेवून आले.

दुसऱ्या भागात देश तिप्पट झाला. एकट्याने झाडं लावणं शक्य राहिलं नाही. कामाला माणसं वाढली, मुलुखांची त्यांच्यात वाटणी झाली. तिसऱ्या भागात यंत्र आलं. त्याची कल्पना सोपी होती. एखादा मोठा आकडा घ्यायचा. ते झालं बी. ते बी काही नियमांतून जाऊ द्यायचं. जमीन कुठे उंच, कुठे सखल व्हावी, पाणी उताराकडे जावं, पाणी साचेल तिथे गाव वसावं, गावाभोवती शेतं आणि शेतांच्या बांधावर झाडं. बी तेच असेल तर उगवणारा देशही तोच. साठवून ठेवायचा एक आकडा, आणि त्यातून अख्ख्या महाराष्ट्राएवढा मुलूख उभा. लोक आधी थक्क झाले आणि मग कंटाळले. हजारो गावं होती, पण वीसपंचवीस गावं पाहिली की पुढचं पाहावंसं वाटेना. कुठल्याच गावाला कोणी मनात धरून वसवलेलं नव्हतं, आणि ते खेळणाऱ्याला कळायचं.

चौथ्या भागाने पसारा आवरता घेतला आणि एक नवी सोय केली. खेळणारा जितका ताकदवान, तितकंच समोरचं जनावर ताकदवान. कुठेही जा, लढाई तुमच्या तोलाचीच. कुठली वाट आता बंद नव्हती. खप खूप झाला. मात्र विहिरीवरून भांडणारी पत्रं यायची बंद झाली, एवढं पद्मजाच्या ध्यानात आलं.

मग पाचव्या भागाचं काम सुरू झालं आणि डॉ. इरावती टोणपे सांगलीत आली.

इरावतीने माणसाचा डोळा जागा कशा ओळखतो यावर पुण्यात संशोधन केलं होतं. तिचं म्हणणं असं की माणूस आपली आवड तोंडाने सांगतो ती अर्धीमुर्धी असते, डोळ्यांनी सांगतो ती पुरी. खेळायचे चष्मे एव्हाना हलके झाले होते, आणि त्यांच्या आतल्या बाजूला डोळ्यावर लक्ष ठेवणारे बारीक कॅमेरे असायचे. नजर कुठे ठरते, कुठून चटकन सरकते, बाहुली कधी विस्फारते, हे सगळं यंत्राला क्षणाक्षणाला कळू शकत होतं. इरावतीच्या यंत्राने ते वाचायचं आणि त्याप्रमाणे पुढचं जग उगवायचं. डोंगराकडे रेंगाळलात तर पुढच्या वळणावर डोंगर. माणसांच्या घोळक्याकडे पाहत राहिलात तर पुढचं गाव जास्त गजबजलेलं. दोघांचा नवखंड सारखा नसणार. ज्याचा त्याचा वेगळा. यंत्राचं नाव तिने ठेवलं 'अनुनय'.

अडचण एकच होती. दोघांना बरोबर खेळायचं झालं तर कोणाच्या जगात खेळायचं? इरावतीने त्यावरही उपाय शोधला. दोघांनी आपापल्या जगातच राहायचं, आणि त्यांच्यामधल्या बोलण्याला यंत्राने सांभाळून घ्यायचं. एकाला दिसतेय नदी आणि दुसऱ्याला त्याच जागी रस्ता. पहिला म्हणाला, 'नदी काय सुंदर आहे', की दुसऱ्याला त्याच्याच आवाजात ऐकू येणार, 'रस्ता काय सुंदर आहे'. बोलणं आणि ऐकणं यांत निमिषाचं अंतर पडायचं, पण ते कोणाला जाणवत नसे. यंत्राच्या या सोयीला सगळे 'मेळ' म्हणायचे. पहिल्यांदा ते चालताना पाहिलं तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत पद्मजाही होती.

पद्मजाला एक धाकटा भाऊ होता, श्रेयांस. तो नॉर्वेच्या अगदी उत्तरेला, हामरफेस्ट नावाच्या गावात राहायचा आणि समुद्रातल्या पवनचक्क्यांची देखभाल करायचा. त्या गावात ऐन हिवाळ्यात काही आठवडे सूर्य उगवतच नाही. भावंडांचं फोनवर कधीच धड जमलं नव्हतं. 'बरं आहे ना', 'हो बरं आहे', की संपलं. बोलणं व्हायचं ते नवखंडात. दर रविवारी दोघं खेळात शिरायचे आणि चालायला लागायचे. लढाया-बिढाया फारशा करायचेच नाहीत. चालता चालता, समोर बघत, श्रेयांस एकेक गोष्ट सांगायचा. नोकरी बदलली ते त्याने दुसऱ्या भागातल्या एका खिंडीत सांगितलं. बायकोपासून वेगळा झालो हे चौथ्या भागात, नावेची वाट पाहत उभे असताना. समोरासमोर बसून ते त्याला सांगता आलं नसतं, हे पद्मजाला माहीत होतं.

पाचव्या भागाच्या चाचणीसाठी कंपनीने काही हजार खेळाडू निवडले. पद्मजाने श्रेयांसचं नाव सुचवलं. ऑक्टोबरपासून त्यांचा रविवार नव्या नवखंडात सुरू झाला, आणि पद्मजाला ते फार आवडलं. तिच्या जगात आंब्याला मोहर होता, केसरवाडी नावाच्या गावात बाजार भरत होता, बांगड्यांच्या दुकानापुढे बायकांची गर्दी असायची. श्रेयांस शेजारून चालायचा आणि त्याचा आवाज समाधानी वाटायचा. वेगळा झाल्यापासून पहिल्यांदाच तो सावरलाय, असं ती नवऱ्याला म्हणालीही.

जानेवारीत एका दुपारी त्याचा साधा फोन आला. चष्म्याची दांडी मोडली होती, नवी मागवलीय, या रविवारी जमणार नाही, एवढंच सांगायचं होतं. पद्मजा तेव्हा जेवणाचा डबा उघडून बसली होती. दोघांची जगं वेगळी आहेत हे त्या क्षणी तिच्या ध्यानातच नव्हतं. सहज विषय निघाला म्हणून तिने विचारलं, "केसरवाडीच्या बाजारातली ती बांगडीवाली आठवते का रे? तिला पुढेही ठेवावं म्हणते."

तिकडून तो म्हणाला, "कुठला बाजार?"

"केसरवाडीचा. आपण गेलो होतो की तिथनं."

"अक्का, केसरवाडीत माणूस नाहीये. दिवाळीपासनं नाहीये. मी तुला सांगितलेलं."

पद्मजाने डबा बाजूला सारला. त्याने काय सांगितलं होतं ते तिने शब्दन् शब्द विचारलं. तो टाळायला लागला, जाऊ दे म्हणाला. तिने सोडलं नाही.

"मी म्हणालो होतो," तो म्हणाला, "माझं या गावासारखंच झालंय. आत कोणी नाही."

तिला तो रविवार आठवला. ते बाजारातून चालत होते आणि तो तिच्या कानाशी, त्याच्याच आवाजात, म्हणाला होता की माझं या गावासारखंच झालंय, आत सगळं भरलेलं आहे. ती हसली होती. मग काय, मजा आहे तुझी, असं म्हणाली होती.

"आणि मी काय म्हणाले त्यावर?" तिने विचारलं.

"तू म्हणालीस, माझंही तसंच आहे."

मेळने आपलं काम चोख केलं होतं. त्याच्या डोळ्यांपुढे रिकामं गाव, तिच्या डोळ्यांपुढे भरलेलं. गावाचा शब्द बदलला की त्यावर बेतलेली उपमा बदलावी लागते, आणि उपमा बदलली की उत्तरही. कुठेही सांधा खटकू नये म्हणून यंत्राने एका माणसाचं दुःख वाटेतच पुसून टाकलं होतं, आणि बदल्यात त्याच्या हाती एक खोटी सहानुभूती ठेवली होती. त्या सहानुभूतीवर तो बिचारा दोनअडीच महिने काढत होता.

पद्मजाने आधी त्याला विचारलं, जेवलास का. तो नाही म्हणाला. मग तिने त्याला सरळ सांगितलं की मी तसं म्हटलेलं नाही, तुझं वाक्य माझ्यापर्यंत आलंच नाही, आलं असतं तर मी त्याच दिवशी फोन केला असता. मग तिने आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"श्रेयू, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का?"

"येतं अधूनमधून," तो म्हणाला. "करणार नाही. थकलोय गं फक्त."

मग तिने फोन ठेवलाच नाही. तो चालू असतानाच त्याला उठून काहीतरी खायला लावलं. त्याच्याबरोबर काम करणारा, शेजारच्या गल्लीत राहणारा कोणी आहे का विचारलं. ओलाव नावाचा एकजण होता. त्याला बोलावून घ्यायला लावलं, आणि ओलाव दारात आल्याचं ऐकू आल्यावरच ती जरा मागे टेकली. उद्या गावातल्या डॉक्टरकडे जायचं त्याने कबूल केलं. तो गेलाही. हिवाळ्याच्या काळोखात असं होतं, तुम्ही पहिले नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्याचं त्याने दुसऱ्या दिवशी कळवलं. औषधं सुरू झाली, रोज सकाळी एका प्रखर दिव्यापुढे बसणं सुरू झालं, आणि आठवड्यातून एकदा बोलायला माणूस मिळाला.

नवा चष्मा आल्यावर पद्मजाने त्याच्याकडे एक गोष्ट मागितली. तुझा नवखंड मला पाहू दे. त्याने जरा विचार करून परवानगी दिली.

तिने घडवलेल्या देशाची ही दशा तिने कधी कल्पिली नव्हती. घरं होती, दारं नव्हती. शेतांवर बर्फासारखं काहीतरी पांढरं पसरलेलं. आकाश मोठं, फारच मोठं, आणि त्याच्या कडेला एक लालसर रेघ, तिला टेकलेला सूर्य. माणसाचा मागमूस नाही. यंत्राने यात काही दुष्टावा केला नव्हता. खचलेला माणूस चेहरे टाळतो. श्रेयांसची नजर चेहऱ्यांवरून चटकन सरकायची, म्हणून यंत्राने चेहरे कमी केले. तो क्षितिजाकडे एकटक पाहत बसायचा, म्हणून यंत्राने क्षितिज वाढवलं. नजर ठरते तिथे आवड असते, असं यंत्राला शिकवलेलं. माणसाची नजर आवडीने ठरते तशी दुखण्यानेही ठरते, हा फरक त्याला कोणी शिकवला नव्हता. पद्मजालाही तो कधी विचारावासा वाटला नव्हता.

मेळ बंद करून ती त्याच्या जगात त्याच्या शेजारी उभी राहिली. कितीतरी दिवसांनी दोघांना एकच दिसत होतं.

"हा सूर्य मावळतोय की उगवतोय?" तिने विचारलं.

"मावळतोय."

तिला तो उगवतोय असं वाटलं आणि ती तसं म्हणाली. त्याने खुणा दाखवल्या, सावली कुठल्या अंगाला आहे ते दाखवलं. तिने त्या मान्य केल्या नाहीत. दोघं त्यावर बराच वेळ वाद घालत राहिले, आणि मध्येच श्रेयांस हसला. फार मोठं नाही. पण तिने ते ऐकलं, आणि यावेळी ते हसू त्याचंच आहे याची तिला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती इम्तियाजच्या खोलीत गेली आणि इरावतीलाही बोलावून घेतलं. श्रेयांसची परवानगी घेऊन तिने सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर इरावती म्हणाली की एका माणसावरून निष्कर्ष काढता येणार नाही, मला सगळ्या चाचण्या तपासाव्या लागतील. पद्मजाला तिचा तेव्हा राग आला. पण इरावतीने खरोखरच तपासलं, आणि कुणाला पाठीशी न घालता तपासलं. बहुतेक खेळाडू मजेत होते. काहींची जगं मात्र आक्रसत गेली होती. एकाची नुसती एक खोली उरली होती. एका बाईच्या जगात एकाच चेहऱ्याची माणसं होती, आणि तो चेहरा तिच्या वारलेल्या मुलाचा असावा असं दिसत होतं. मेळमधून बोलणाऱ्या जोड्यांचं तर असं झालं होतं की जितकं जास्त बोलणं, तितकी एकमेकांविषयीची माहिती कमी. भांडण कोणाचंच झालं नव्हतं. चाचणीच्या अहवालात आतापर्यंत हीच मोठी जमेची बाजू म्हणून मांडली जात होती.

इरावती ते सांगायला आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. तिने त्याआधी स्वतःच्या आईबरोबर मेळ चालू ठेवून एक फेरी मारली होती आणि मग दोघींची मूळ वाक्यं शेजारी शेजारी ठेवून पाहिली होती. आई तीनदा म्हणाली होती की तू घरी येत नाहीस. इरावतीला ते एकदाही ऐकू आलं नव्हतं.

इम्तियाजपुढे खरा पेच होता. पाचवा भाग उन्हाळ्यात बाजारात आणायचं जाहीर झालं होतं. माडीवरच्या चार टेबलांचं आता तीन मजल्यांचं ऑफिस झालं होतं आणि कितीतरी घरांच्या चुली त्यावर चालत होत्या. मेळ काढून टाकू, बाकी ठेवू, असं त्याने सुचवून पाहिलं. पद्मजा म्हणाली की मेळ हे दुखण्याचं फक्त एक टोक आहे. ज्याला त्याला त्याचंच जग देत राहिलो तर मेळ लागणारच, आज ना उद्या. इम्तियाज खिडकीशी जाऊन उभा राहिला. शेवटी तो जे बोलला ते पद्मजाने पुढे कितीतरी जणांना सांगितलं.

"काळदऱ्याला लोक किती शिव्या द्यायचे, पद्मा. पण सगळे एकाच दलदलीला द्यायचे."

पाचवा भाग आला नाही. चाचणीतल्या सगळ्या खेळाडूंना कंपनीने कारण जसंच्या तसं कळवलं, आणि ज्यांची जगं आक्रसली होती त्यांच्याशी एका डॉक्टरांकरवी, एकेकाला गाठून, बोलणं केलं. वर्तमानपत्रांत काही दिवस थट्टा झाली. काहीजण नोकरी सोडून गेले. इरावती जाईल असं सगळ्यांनी धरलं होतं, ती राहिली. तिने पद्मजाला विचारलं की अनुनय पुरता मोडायचा की त्याला दुसरं काही शिकवायचं.

तिथून सहावा भाग निघाला. तो घडवायला त्यांना तीन वर्षं लागली.

यावेळी देश एकच होता आणि सगळ्यांसाठी तोच. चष्म्यातले डोळ्यावर पाळत ठेवणारे कॅमेरे खेळापुरते बंद. यंत्र होतं, पण आता ते एकट्यादुकट्याच्या नजरेकडे पाहत नव्हतं. सगळ्यांनी मिळून काय केलं तेवढंच लक्षात ठेवत होतं. गवतातून एक माणूस गेला तर गवत पुन्हा उभं राहायचं. शेकडो गेले की ते दबायचं, माती उघडी पडायची आणि पायवाट तयार व्हायची. कोणी फिरकलं नाही तर रस्त्यावर गवत चढायचं. ओढ्यात लोकांनी दगड टाकले तर ते तिथेच राहायचे, उद्या येणाऱ्याच्या पायाखाली. कोणाला आवडावं म्हणून ही जमीन काही करणार नव्हती. पण तुम्ही तिथे येऊन गेल्याची ती आठवण ठेवणार होती.

श्रेयांस एका उन्हाळ्यात सांगलीला येऊन महिनाभर राहिला. अंगाने भरला होता. पहिल्या दिवशी दोघं समोरासमोर बसले आणि नेहमीप्रमाणे दोघांनाही काय बोलावं सुचेना. मग ते उठून कृष्णेच्या काठाने चालायला गेले आणि बोलणं सुरू झालं. तो परत गेला तो हामरफेस्टलाच. तिथे आता ओलावच्या घरी त्याचं जाणंयेणं होतं, आणि काळोखाचे आठवडे कसे काढायचे ते डॉक्टरीणबाईंनी त्याला शिकवलं होतं. सगळंच ठीक झालं असं नव्हतं. एखादा आठवडा वाईट जायचा. पण वाईट गेला की तो तसं सांगायचा, आणि सांगितलेलं पोचायचं.

सहाव्या भागात पद्मजाचं सगळ्यात लाडकं काम होतं एक घाटरस्ता. कितीतरी वर्षांनी तिने पुन्हा एकेक झाड हाताने लावलं होतं. वळणं अशी की प्रत्येक वळणावर दरीचं वेगळं रूप दिसावं. माथ्यावर पाण्याचं टाकं, त्याच्या कडेला करंजाची सावली. लोक इथे थांबतील, बसतील, असं तिने मनात धरलं होतं.

खेळ खुला झाल्यावर पहिला आठवडा धावपळीत गेला. मग एका सकाळी ऑफिसात येऊन ती सवडीने आपल्या घाटात शिरली आणि पाहते तर रस्त्यावर गवत चढायला लागलं होतं. तिला ते लागलं. टाक्याचं पाणी निवळशंख, कोणाचा हात न लागलेलं. पहिल्या वळणाच्या अलीकडे रस्ता सोडून एक पायवाट डावीकडे उतरली होती, चांगली रुंद, माती गुळगुळीत झालेली. त्या अंगाला तिने काहीही ठेवलं नव्हतं. खजिना नाही, जनावर नाही, देखावाही नाही. नुसता उघडा उतार, नकाशावरची जागा भरून काढायला सोडलेला. लोक तिकडे का जात असावेत ते तिला कळेना. ती पायवाटेला लागली.

वाट उताराला वळसा घालून एका सपाट खडकावर पोचली. खडकावर पंधरावीस माणसं बसली होती. कोणी वैदू, कोणी शिपाई, एक म्हातारी धनगरीण. मध्ये शेकोटी. आणि खडकाच्या कडेला, पाय लोंबकळत सोडून, श्रेयांस बसलेला. तिला पाहून त्याने सरकून जागा केली.

हे काय चाललंय, असं तिने त्याला विचारलं. त्याने खाली बोट दाखवलं. खडकावरून काळदऱ्याची नवी दलदल पूर्ण दिसत होती, तिच्यातून चाचपडत वर येणारी माणसं मुंग्यांसारखी दिसत होती. या भागात सुसर पुन्हा पूर्वीसारखी झाली होती, नवख्याला न जुमानणारी. पहिल्या दोनतीन दिवसांत कोणीतरी इथे आपल्या मागे पडलेल्या मैत्रिणीसाठी थांबलं होतं. ती पोचली, मग ती दोघं आणखी कोणासाठी थांबली. आता दलदल पार केलेला जवळजवळ प्रत्येकजण इथे येऊन बसतो, आणि खाली कोणी अडकलेलं दिसलं की एकजण उठून जातो. या जागेला लोक 'थांबा' म्हणायला लागले होते. नाव कोणी ठेवलं ते श्रेयांसला माहीत नव्हतं.

"तुझा रस्ता चांगलाय अक्का," तो म्हणाला. "पण तिथनं दलदल दिसत नाही."

तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ती त्या वाटेकडे पाहत राहिली. ती कोणी आखली नव्हती, आणि कोणी एकट्याने ती पाडलीही नसती.

तेवढ्यात खाली एक नवखी मुलगी चिखलात रुतली आणि जागच्या जागी गोल फिरायला लागली. कडेच्या वेतात सुसरीची पाठ हलली. श्रेयांस उठला. ही तिसऱ्यांदा येतेय, हिला डावीकडचा कोरडा पट्टा सापडत नाहीये, असं म्हणत त्याने काठी उचलली आणि तो उतरायला लागला. पद्मजाही उठायला लागली तर तो म्हणाला, तू बस, एवढ्यात आणतो तिला.

ती बसून राहिली. तो उतारावरून लहान लहान होत गेला, वेतापाशी पोचला आणि ओरडून त्या मुलीला काहीतरी सांगायला लागला. इतक्या लांबून शब्द कळत नव्हते, पण आवाज येत होता.

शेजारच्या म्हातारीने शेकोटीत एक काटकी सारली आणि विचारलं, "तुम्ही कोणासाठी थांबलाय?"

"भावासाठी," पद्मजा म्हणाली. "खाली गेलाय. येतोच आहे."